डेअरीच्या शेजारी
आर. आर. पाटलांच्या पुढाकाराने 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा साताऱ्या-सांगलीतल्या गावांनी हाती खराटा घेतला. पण त्या वेळचा उकिरडा शेण-पाचोळ्याचा. त्याचं खत व्हायचं. आता त्यात गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, मल्चिंगचे फाटके कागद. भंगारवाला लोखंड-पत्रा नेतो, या मालाकडे ढुंकूनही पाहत नाही. मग तो ओढ्यात, ओढ्यातून कृष्णेत. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाखालच्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. पण शहरासारखी रोजची घंटागाडी वाडी-वस्तीला परवडत नाही. दूध घालायला मात्र घरटी एक माणूस डेअरीवर जातोच. ग्रामपंचायतीने सुक्या कचऱ्याचं केंद्र तिथंच शेजारी उघडावं. उचलायला आठवड्यातून एक गाडी पुरे, फक्त तिचं बिल वेळेवर निघावं.