किनारा निवडावा तो पाण्याच्या स्वभावावरून

कापसाची पहिली वेचणी घरात आली आणि सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की फुलसावंगीसारख्या गावातील शिक्षकांच्या खोलीत सहलीचा विषय निघतो. पूर्वी हा विषय फारसा लांबत नसे. जवळचे माहूर, दूरचे शेगाव, फार झाले तर वेरूळ-अजिंठा. आता विद्यार्थी निराळेच नाव घेऊन येतात. त्यांना समुद्र पाहावयाचा असतो, आणि नुसता पाहावयाचाही नसतो. बोटीला बांधलेल्या छत्रीने आकाशात जायचे, पाण्यावर धावणाऱ्या स्कूटरवर बसायचे, पाठीवर नळकांडे बांधून प्रवाळ पाहायचे, असे त्यांचे बेत असतात. मग तारकर्ली, गणपतीपुळे, अलिबाग, गोवा ही नावे पुढे येतात. मुक्काम कोठे स्वस्त, जेवण कोठे बरे, गाडीवाला किती मागतो, यावर तासभर खल होतो. एक प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही : त्या किनाऱ्यावरचे पाणी कसे आहे?

ही हौस हसण्यावारी नेण्याजोगी नाही. महागाव तालुक्यापासून कोणताही समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि मालवण गाठावयाचे तर रस्त्याने सातशे किलोमीटरांहून जास्त अंतर तोडावे लागते. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरांचा किनारा लाभला आहे हे भूगोलाच्या पुस्तकात पाठ करणाऱ्या मुलाने तो एकदा डोळ्यांनी पाहावा, त्याच्या पाण्यात खेळावे, यात गैर काय? परंतु कोकणातल्या मुलाला जे ज्ञान चालता चालता मिळते, ते आपल्या मुलाला कोणीतरी शिकवावे लागते. त्याला शिकविणारे आपण; आणि आपणच ते शिकलेलो नाही, ही खरी अडचण आहे.

जे लोक जलक्रीडेसाठी जगभर हिंडतात ते किनारा कसा निवडतात, हे पाहण्यासारखे आहे. ग्रीसच्या एजियन समुद्रातील बेटांचे उदाहरण घ्या. तेथे जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा जोरदार वारा वाहतो. पारोस किंवा नाक्सोस या बेटांवर जाणारा प्रवासी प्रथम स्वतःला विचारतो, मला करायचे काय आहे? शिडाच्या फळीवर उभे राहून वाऱ्याबरोबर धावायचे असेल, तर तो वारा जेथे मोकळा मिळतो असा किनारा तो शोधतो. मुलाबाळांसह डुंबायचे असेल, तर बेटाच्या आडोशाचा, डोंगराने वारा अडविलेला लहान उपसागर तो पसंत करतो. एकाच बेटावर, एकाच दिवशी, एक किनारा एकाला उत्तम आणि दुसऱ्याला घातक असतो. ‘चांगला किनारा’ अशी वस्तूच नाही. अमुक कामाला, अमुक दिवशी, अमुक माणसाला चांगला किनारा, एवढेच खरे.

आपल्याकडे हाच नियम लागू आहे. फक्त त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी हाताच्या वितीने मोजावी इतकी थोडी असते. कोकणात ती पुरुषभर उंचीची, आणि मुंबईकडे उधाणाच्या दिवशी त्याच्या दुपटीहून अधिकही असते. म्हणून आपल्याला किनाऱ्याबरोबर वेळही निवडावी लागते. यासाठी कोकणातील जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला अथवा अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या अलीकडे भरती, आणि तेथून संध्याकाळपर्यंत पाणी सतत मागे हटणार. हा हिशेब ठोकळ आहे, सरकारी तक्त्याची जागा तो घेऊ शकत नाही. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहता येणाऱ्या कोणालाही तो करता येतो. गंमत अशी की, पौर्णिमेची सुटी साधून निघालेली आपली सहल दुपारचे जेवण आटोपून, उन्हे कलताना, नेमकी उधाणाच्या ओहोटीत पाण्यात उतरते. समुद्र तेव्हा बाहेर ओढीत असतो.

आता किनाऱ्यांकडे वळू. मालवणजवळचे देवबाग हे गाव एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्या एका बाजूस खुला समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदीचे संथ पात्र. भरती भरून पाणी स्थिरावते त्या वेळी खाडीच्या आतल्या भागात होडी वल्हविणे ही नवशिक्यालाही झेपणारी गोष्ट आहे. तेच पाणी ओहोटीला नदीच्या मुखातून बाहेर धाव घेते, तेव्हा संगमाजवळ पोहणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जाते. गाव एकच, पाणी दोन, आणि प्रत्येक पाण्याच्या वेळा निरनिराळ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात खडक आहेत, उथळ पाणी आहे, प्रवाळ आहे. तेथील सागरी क्षेत्र १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. समुद्राच्या पोटातील सृष्टी पाहावयाची तर ही जागा योग्य. परंतु ती हिवाळ्यात, पाणी निवळ असताना, प्रशिक्षित मार्गदर्शकाचा हात धरून, आणि प्रवाळावर पाय न देता. दमा, कानाचे दुखणे किंवा जोराची सर्दी असेल तर त्या दिवशी काठावर बसणेच शहाणपणाचे.

गणपतीपुळ्याचे देऊळ समुद्राला लागून आहे, म्हणून दर्शन आटोपताच भाविकांचे पाय पाण्याकडे वळतात. पण समोर खुला समुद्र आहे, आणि तेथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वेळोवेळी येतात. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरील खडकांवर उभ्या असलेल्या माणसांना लाटांनी ओढून नेल्याचे प्रसंग घडले आहेत. देवस्थान प्रसिद्ध म्हणून तेथील पाणी पोहण्याजोगे, असा अर्थ होत नाही. पावसाळ्यात तर कोणताच किनारा निवडू नये. कोळी समाज नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावाचून दर्यात होडी लोटीत नाही, ती केवळ श्रद्धा नव्हे. अनुभवाने घातलेली मर्यादा आहे.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पाण्याची परतीची ओढ. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी परत जाताना वाळूच्या उंचवट्यांमधील एखाद्या अरुंद फटीतून वेगाने आत निघून जाते. त्या फटीवर लाटा फुटत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंच्या फेसाळ पाण्यापेक्षा ती जागा शांत दिसते. अनोळखी माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजून उतरतो. ओढीत सापडल्यावर तो किनाऱ्याच्या दिशेने झुंजू लागतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. अंग पाण्यावर तरंगत ठेवावे, हात वर करून मदत मागावी, आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद प्रवाहाच्या बाहेर यावे. विहिरीत सूर मारणारा आपला मुलगा स्वतःला पोहणारा समजतो, आणि विहिरीपुरते ते खरेही असते. परंतु विहिरीचे पाणी कोठे जात नाही. समुद्राचे पाणी सतत कोठेतरी निघालेले असते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ, समुद्रतळ पाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा अंत झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जण प्राणास मुकले. या तिन्ही घटनांची कारणे निरनिराळी आहेत, त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु एक शिकवण तिन्हींतून निघते. पाण्यावर गेलेल्या माणसाचे रक्षण त्याच्या एकट्याच्या सावधगिरीवर सोडता येत नाही. अंगावर मापाचे लाइफ जॅकेट आहे का, बोटीत ठरल्यापेक्षा अधिक माणसे नाहीत ना, चालकाकडे महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, काठावर जीवरक्षक आहे का, हे प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावयाचे आहेत. विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही. आपल्या गावच्या बाजारात बियाण्याची पिशवी घेताना आपण दहा वेळा उलटून पाहतो. येथे तर पोटची मुले स्वाधीन करावयाची आहेत.

सरकारचे कर्तव्य याहून मोठे आहे. गोव्याने २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर संघटित जीवरक्षक सेवा उभी केली. महाराष्ट्राने प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर तशीच सेवा द्यावी. आणि त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा, पोहण्यास योग्य व अयोग्य जागा मराठीत लिहिलेला ठळक फलक लावावा. यास फार मोठा खर्च येत नाही. कोळ्याच्या मुलाला ठाऊक असलेली गोष्ट पाहुण्याला सांगणे, एवढेच त्यात आहे.

यावर सोपा उपाय सुचविणारे लोक असतात : समुद्राच्या सहलीच बंद करा. मुरूडच्या दुर्घटनेनंतर निर्बंधांची परिपत्रके निघाली होती, आणि मुख्याध्यापकांनाही जबाबदारीतून सुटण्याचा तोच सरळ मार्ग वाटतो. हा मार्ग मला मान्य नाही. बंदीने मुले समुद्रावर जाण्याची थांबत नाहीत. ती शिक्षकांवाचून, चार मित्र मिळून जातात. शिवाय आमच्या फुलसावंगीला तरुणांच्या धाडसाची किंमत ठाऊक आहे. याच गावातील एका तरुणाने पत्रे जोडून स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर उभे केले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्या चाचणीच्या वेळी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या जिद्दीचे सर्वांनी कौतुक केले. पण तिच्या पाठीशी प्रयोगशाळा, मार्गदर्शक आणि सुरक्षेची व्यवस्था कोणी उभी केली नव्हती, हे शल्य गावाच्या मनात आहे. तरुणांचे धाडस मारून टाकणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्याला वेळीच ज्ञानाची जोड देणे हा आहे.

ही जोड केवळ सहलीपुरती उपयोगाची नाही. जुलै २०२३ मध्ये आमच्याच महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर पुराने माणसे अडकली, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. पैनगंगेच्या काठी राहणाऱ्या मुलाला पाणी समुद्रावर जाऊनच भेटते असे नाही. ते त्याच्या दारातही येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्यू पावली. शाळकरी मुलांना पोहणे आणि पाण्यातील सुरक्षितता शिकवावी, अशी शिफारस ती संघटना करते. तालुका क्रीडा संकुलात पोहण्याचा तलाव आणि त्यावर शिकविणारा माणूस ही चैन समजली जाते, ती समजूत सोडावी लागेल. इसापूरच्या धरणात एवढे पाणी अडविणाऱ्या या मुलखात, दहावी झालेल्या मुलाला दहा मिनिटे पाण्यावर तरंगता येऊ नये, ही आपल्या शिक्षणातली उणीव आहे.

तेव्हा सहलीचा विषय पुन्हा निघेल त्या वेळी शिक्षकांनी मुक्कामाच्या दराआधी पाच गोष्टी फळ्यावर लिहाव्यात. आपल्याला पाण्यात नेमके काय करायचे आहे? तो किनारा खुला आहे, आडोशाचा आहे की खाडीचा? महिना कोणता आणि तिथी कोणती? काठावर परवानाधारक चालक व जीवरक्षक आहेत का? आणि आपल्या मुलांपैकी पोहता कितीजणांना येते? या पाच प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनाच शोधावयास लावावीत. भूगोलाचा याहून चांगला धडा नाही. उत्तरे मिळाली की किनारा आपोआप ठरेल. न मिळाली, तर समुद्र काठावर बसून पाहावा. तोही पाहण्यासारखा आहे, आणि पुढच्या वर्षी तो तेथेच असणार आहे.