सरपंचबाईंची खुर्ची

संथाळ समाजाच्या द्रौपदीबाई मुर्मू २०२२ साली राष्ट्रपती झाल्या, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्या कोणत्या वाटेने तेथवर गेल्या? ओडिशातील उपरबेडा गावातून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. पुढे रायरंगपूरच्या शाळेत मास्तरीण, आणि १९९७ साली तेथल्याच नगरपंचायतीत नगरसेविका. (आम्हां मास्तरांस याचा अभिमान वाटला तर नवल नाही.) मग आमदार, मंत्री, २०१५ साली झारखंडच्या राज्यपाल. आदिवासींच्या शेतजमिनीस बिगरशेतीची वाट मोकळी करणारी विधेयके तेथे पुढे आली, तीही त्यांच्याच पक्षाच्या सरकारची! २०१७ साली बाईंनी ती परत धाडली; सरकारास मागे घ्यावी लागली. जमीन काय चीज आहे, हे कुणब्यास निराळे सांगावयास नको.

आता आपल्या बारामती-इंदापुराकडे पाहा. निम्मी सरपंचपदे कायद्याने बायकांची. पण कित्येक गावी खुर्चीवर नवरा बसतो, बाई सहीपुरती. शेतकरी-बलुतेदार बंधूंनो, मुर्मूबाईंची पहिली पायरी असल्याच एका खुर्चीची होती. येत्या ग्रामसभेत सरपंचबाईंनी स्वतः बोलावे आणि नवरोबांनी खाली सतरंजीवर बसून ऐकावे.