चाल कुणाची, आठवण कुणाची?

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असं कधी कुठे गेलो नव्हतो. गेलो ते शिखरजीला आणि श्रवणबेळगोळला, तेही घरातली दहा माणसं आणि खाण्याचे डबे बरोबर घेऊन. लग्नानंतर फिरायला जायचं ठरलं होतं, तेव्हा सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. पुढे दुकान, मुलं, आजारपणं. यंदा चिरंजीवांनी आम्हाला न विचारताच जामसरला दोन दिवसांची सोय केली. चातुर्मासात लांब जायचं नाही हा घरचा नेम, म्हणून दिवाळी झाल्यावर निघालो.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करत जव्हार आणि तिथून जामसर. एका वारली कुटुंबाच्या घराशेजारी आमची खोली होती. त्या घरच्या मावशींना आधीच सांगून ठेवलं होतं की कांदा-लसूण नको, कंद नको आणि जेवण दिवस मावळायच्या आत. कंद नको म्हटल्यावर त्या हसल्याच. "मग पावसाळ्यात खाता काय?" त्यांच्याकडे पावसाळ्यात रानातल्या कंदांचा मोठा आधार असतो. पण नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी त्यांनी उजेड असतानाच वाढली.

मुलाने बरोबर एक छोटा स्पीकर दिला होता, त्यात 'तुमच्या काळातली' साठ गाणी. अंगणात खाट टाकून आम्ही ती लावली. सगळी गाजलेली, प्रेमाची गाणी. दोन-तीन झाल्यावर हे म्हणाले, "छान आहे." मी म्हटलं, "हो, छान आहे." पुढच्या गाण्यालाही तेच. नेटवर्क नव्हतं, त्यामुळे मोबाईलमध्ये डोकं घालायचीही सोय नव्हती. मुलाचा दोष नाही. त्याने काळ बरोबर निवडला होता, पण त्या गाण्यांत आमचं असं काही घडलंच नव्हतं. मला मनातून भीतीच वाटली की उरलेले दोन दिवस आम्ही बोलणार काय?

मग लाईट गेली आणि थोड्या वेळाने स्पीकरही थांबला. तेव्हा पलीकडच्या पाड्यावरून तारपा ऐकू आला.

तारपा तुम्ही वारली चित्रात पाहिला असेल, गोल फेर धरलेल्या माणसांच्या मधोमध वाजवणारा उभा असतो. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाची पानं आणि मेण, यातून हे वाद्य बनतं. जव्हार तालुक्यातल्याच वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना याच तारप्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. वाजवणारा श्वास तुटू देत नाही, म्हणून सूर मध्ये कुठे थांबत नाही. मावशी म्हणाल्या, भात तयार झालं की तारपा वाजतो, एरवी नाही. त्यांना त्या आवाजात त्यांचं तरुणपण आठवतं. मला मात्र तो सूर नवखा होता. माझं त्यात काहीच साठलेलं नव्हतं.

तो थांबल्यावर अंधारात हे काहीतरी गुणगुणायला लागले. मी दचकले. ते सिनेमातलं जुनं गाणं होतं. कॉलेजला असताना आमच्या होस्टेलच्या खोलीत रात्री विविध भारतीवर ते लागायचं. माझी खोलीतली मैत्रीण ते ऐकताना उशीत तोंड खुपसून रडायची. दुसऱ्या वर्षी तिचं शिक्षण सोडवून लग्न लावून दिलं. मी तिला निरोप द्यायलाही गेले नाही, परीक्षेचं निमित्त सांगितलं. ही गोष्ट मी घरात कुणाला कधी बोलले नव्हते. त्या रात्री बोलले.

हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "हे सिनेमाचं गाणं आहे? ही तर आईच्या भजनाची चाल." सासूबाई पहाटे पूजेसाठी तांदूळ निवडताना ते भजन म्हणायच्या, तो आवाज यांच्या झोपेत यायचा. "आता कुणी ते म्हणायला लागलं की मला तिथे बसवत नाही," असं सांगून हे गप्प झाले.

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. ती चारही वर्षं हे सकाळी पूजेच्या वेळी दुकानाची घाई करून निघून जायचे. मी ते भजन रोज म्हणते, सासूबाईंची आठवण म्हणूनच. आणि ह्यांची श्रद्धा उडाली म्हणून टोमणे मारायची, तेही मीच.

संगीत आणि आठवण यांच्यावर पीटर जनाटा या संशोधकाने कॅलिफोर्नियात अभ्यास केला आहे. २००९ साली त्याने दाखवलं, की ओळखीचं गाणं ऐकून आयुष्यातला प्रसंग आठवतो तेव्हा कपाळामागचा मेंदूचा भाग जागा होतो. पण एका चालीत नवऱ्याने काय ठेवलंय आणि बायकोने काय, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आमच्या महिला मंडळात सिनेमाच्या चालीवर भजनं बांधायला मी कायम विरोध केला. माझं म्हणणं असायचं, तोंडात प्रभूचं नाव आणि मनात हिरो, असं होतं. भक्तामर वसंततिलका वृत्तात आहे, त्याची लय त्याच्यातच आहे, उसनी चाल हवी कशाला? हे मला आजही पटतं. नवीन भजनाला मी सिनेमाची चाल लावणार नाही. पण सासूबाईंनी तो सिनेमा पाहिलाच नव्हता. त्यांच्यासाठी ती चाल भगवंताचीच होती. ह्यांच्यासाठी ती आईची आहे. मन भरकटतं ते माझं, कारण गाणं आधी ऐकलं मी. तेव्हा एखादी आजी तसं भजन म्हणत असेल तर तिला थांबवायचा मला काही अधिकार नाही. मी थांबवलं आहे, एकदा नाही, दोनदा. त्या आजींची मी जाऊन क्षमा मागणार आहे. त्यासाठी पुढच्या पर्युषणाची वाट कशाला पाहायची?

मैत्रिणींनो, मुलं अशी सहल घडवतात तेव्हा जरूर जा. गाण्यांची यादी नेलीत तरी हरकत नाही, पण थोड्या वेळाने ती बंद करा आणि शेजारच्या माणसाला विचारा, तुमच्या मनात कुठली चाल आहे आणि त्यात कोण आहे?

परतल्यावर मी भजनाची वेळ बदलली. आता ते मी हे दुकानात गेल्यावर म्हणते. पूजेला हे पुन्हा बसायला लागले आहेत. परवा तांदूळ निवडायला घेतले तर म्हणाले, "आज म्हण, मी बसतो." अर्ध्यावर उठून गेले, पण अर्धं ऐकलं.