शांत दिसणारा उतार



स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात, ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. तिची उंची सुमारे २,४७० मीटर. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी तेथे वाटसरूंसाठी आश्रयगृह उभारले. त्याचे दार धर्मबंधू आजही उघडे ठेवतात. स्वतः गिर्यारोहक असलेल्या पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली या संतांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

हिवाळ्यात तेथील रस्ता बर्फाने बंद होतो. मग पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून पाहुणे वर चढतात. वाटेतील एका दरीस 'मृतांची दरी' म्हणतात. नाव पुरेसे बोलके आहे.

हिमलोट आकाशातून अवचित कोसळतो, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्वारीच्या दाण्यांवर जड फळी तिरपी ठेवावी, तशी तेथील स्थिती असते. खाली साखरेसारखा भुसभुशीत थर. वर वाऱ्याने साचविलेला घट्ट बर्फ. कौलारू छपराइतक्या किंवा त्याहून उभ्या उतारावर एका माणसाचे वजन पडले, तरी खालचा थर मोडतो आणि वरची फळी सुटते. लोटात सापडणाऱ्या स्कीपटूंपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो लोट त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडविलेला असतो.

धोक्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे निम्मे मृत्यू तिसऱ्या पायरीच्या दिवशी घडतात. चौथीला शहाणा मनुष्य घरी थांबतो; तिसरीला मात्र ऊन पडलेले असते, ताजा बर्फ चमकत असतो आणि मन म्हणते, "काय होणार आहे?"

उतार मात्र सूचना देतो. पायांखाली 'धप्प' असा आवाज होतो, बर्फास तडे जातात, शेजारच्या उतारावर नुकताच लोट आलेला दिसतो. जाणते तेथूनच मागे फिरतात. पुढे जाणे सुरक्षित वाटले तरी ते एकेकटे उतार ओलांडतात. प्रत्येकाच्या अंगावर संदेशयंत्र आणि पाठीवर शोधसळई व फावडे असते. कारण पुरलेल्याची आशा मुख्यतः पहिल्या दहा मिनिटांत असते आणि तेवढ्या वेळात बाहेरचे साहाय्य क्वचितच पोहोचते. सोबतीच सोबत्यास वाचवितो.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे आधी गेलेल्यांच्या खुणा. त्या सांगतात की कोणी तरी गेला. उतार भक्कम आहे, असे त्या सांगत नाहीत. आपल्याकडे बर्फ नाही; परंतु भरल्या ओढ्याच्या काठी "आताच अमका पार झाला" म्हणून पाऊल टाकणारे आपल्या परिचयाचे आहेत.

आश्रयगृहाचे दार उद्याही उघडे असेल. आज मागे फिरलेल्यासच उद्या ते गाठता येईल.