पाटी मराठी, प्रत्यय परका

महाराष्ट्रातील दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात, ही साधी अपेक्षा पूर्ण होण्यासाठीही मराठी समाजाला दीर्घकाळ झगडावे लागले. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी फलक बंधनकारक केला. अन्य लिपीतील अक्षरे मराठी अक्षरांपेक्षा मोठी असू नयेत, असेही बजावले. या सक्तीविरुद्ध काही व्यापारी न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना फलक बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. मराठी माणसाने समाधानाचा सुस्कारा सोडावा, अशाच या घटना आहेत.

परंतु ठळक देवनागरीत रंगवलेल्या या नव्या पाट्या जरा थांबून वाचल्या, तर समाधानाला तडा जातो. 'मामाज किचन', 'आजीज मसाले', 'जोशीज डायनिंग हॉल' अशा घडणीची नावे आज शहरांपासून तालुक्याच्या गावापर्यंत सर्रास आढळतात. अक्षरे देवनागरी, मामा मराठी, आजीही मराठी. पण मामाचे त्याच्या स्वयंपाकघराशी असलेले नाते सांगणारा प्रत्यय तेवढा इंग्रजी. कायद्याने लिपी बदलली, व्याकरण मात्र जिथल्या तिथे राहिले.

यावर कोणी म्हणेल की, एका 'ज'ने काय बिघडते? जिवंत भाषा उसनवारी करतातच. टेबल, स्टेशन, बस, तिकीट हे शब्द आपण स्वीकारलेच ना? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे. मराठीने टेबल घेतले, पण 'टेबलाचा खण' म्हटले. स्टेशन घेतले, पण 'स्टेशनावरची गर्दी' म्हटले. आलेला शब्द मराठीने आपल्या पंगतीला बसवला, त्याला सामान्यरूप दिले, लिंग दिले, विभक्ती लावली आणि घरच्या शिस्तीत वागवले. शब्द हा पाहुणा असतो. तो कितीही आला तरी घर मोडत नाही. प्रत्यय म्हणजे घराचा कारभार. 'मामाज'मध्ये पाहुणा आलेला नाही. घरच्याच माणसावर परक्याचा कारभार सुरू झाला आहे.

मराठीवर परभाषेचे आक्रमण काही पहिल्यांदाच होत नाही. मुसलमानी राजवटींच्या काळात दरबार, न्याय, महसूल आणि लष्कर या सर्व व्यवहारांत फारसी शब्दांचा महापूर आला होता. छत्रपती शिवाजी महाराजांना 'राज्यव्यवहारकोश' करवून घ्यावा लागला, यावरूनच त्या पुराची कल्पना येते. 'किल्ले रायगड', 'कसबे पुणे', 'मौजे अमुक' या कागदोपत्री प्रयोगांत फारसीची संबंध दाखवण्याची पद्धतही डोकावते. परंतु ती दफ्तरातच गोठून राहिली. माणसांच्या तोंडी रायगडाचा दरवाजा 'रायगडाचा'च राहिला. 'दिवाणखान्याचा दरवाजा' या शब्दप्रयोगात दिवाणखाना फारसी, दरवाजाही फारसी. पण दोघांना जोडणारा 'चा' अस्सल मराठी आहे आणि तोच त्या शब्दप्रयोगाला मराठी करतो. ज्ञानदेवांच्या ओवीत नांदणारे हे चा-ची-चे शतकानुशतकांच्या पारतंत्र्यातही ढळले नाहीत. ते स्वतंत्र देशात, कोणी सक्ती केलेली नसताना ढळू लागले आहेत.

ज्या इंग्रजीच्या मोहाने हे घडते आहे, ती इंग्रजी स्वतः कशी वागली, हेही पाहण्यासारखे आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढील काही शतकांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. इंग्रजीचे अनेक जुने विभक्तिप्रत्यय काळाच्या ओघात गळून पडले; षष्ठीचा 'एस' मात्र टिकला. फ्रेंच शब्द आले आणि त्यांनाही तो निमूटपणे लावून घ्यावा लागला. हिंदुस्थानातून इंग्रजीने बंगला नेला, पंडित नेला, लूटसुद्धा नेली. पण अनेक बंगल्यांना इंग्रज 'बंगले' म्हणत नाही, 'बंगलोज' म्हणतो. पंडिताची वस्तू सांगताना 'पंडितका' म्हणत नाही, 'पंडित्स' म्हणतो. शब्द जगभरातून घ्यावेत, प्रत्यय आपलाच लावावा, हा धडा इंग्रजीकडून घेण्याजोगा होता. आपण नेमका उलटा धडा घेतला.

गंमत अशी की, या 'एस'आधी लिहिण्याचे स्वल्पविरामासारखे चिन्ह खुद्द त्याच्या मायदेशातही आता डळमळीत झाले आहे. बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर ते न वापरण्याचे धोरण जाहीर केले. वॉटरस्टोन्स या प्रसिद्ध पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ मध्ये ते आपल्या नावातून काढून टाकले. त्यावर तेथील भाषाप्रेमींनी जाहीर नापसंती व्यक्त केली. एका टिंबाएवढ्या चिन्हासाठी इंग्रज माणूस हळहळतो. मराठी माणूस अख्खी षष्ठी विभक्ती सोडून देतो आणि त्याला त्याची खबरही नसते.

आणि या सोडण्यात हाती काय लागते? मराठीत मामाचा वाडा, मामाची शेती, मामाचे गाव. वस्तूचे लिंग आणि वचन प्रत्ययात उमटते. एक अनुस्वार दिला की 'मामाचे' चे 'मामांचे' होते आणि आदर व्यक्त होतो. 'जोश्यांची खानावळ' म्हणताच एका व्यक्तीमागे तिचे सारे कुटुंब उभे राहते. 'जोशीज'मध्ये ना आदर, ना लिंग, ना वचन. शिवाय हे नाव वाक्यात वापरायचे झाले की, 'मामाजची मिसळ' म्हणावे लागते. म्हणजे इंग्रजी षष्ठीच्या डोक्यावर पुन्हा मराठी षष्ठी. मामा एकच, मिसळ एकच. मालकी मात्र दोनदा! आपल्या पूर्वीच्या व्यापाऱ्यांनी 'अँड कंपनी'चे 'आणि मंडळी' केले, 'ब्रदर्स'चे 'बंधू' केले आणि त्या नावांवर पिढ्यान् पिढ्या धंदा केला. त्यांचे गिऱ्हाईक त्यामुळे कमी झाले नाही.

हा केवळ पाट्यांचा प्रश्न असता, तर एखादा रंगारी बोलावून तो सुटला असता. पाटी हे वरचे लक्षण आहे. दुखणे रोजच्या बोलण्यात मुरत चालले आहे. 'असणे' सांगायला इंग्रजीला बहुधा एकच क्रियापद पुरते. मराठी नात्यानुसार भेद करते. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे दोन पुस्तके आहेत', 'त्याला ताप आहे'. भाऊ ही बाळगण्याची वस्तू नव्हे, हे मराठीचे व्याकरणच सांगते. आज मात्र इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले 'माझ्याकडे एक बहीण आहे' असे सहज म्हणतात आणि सभेत उठणारा श्रोता 'माझ्याकडे एक प्रश्न आहे' असे म्हणून विचारू लागतो.

वृत्तपत्रांची स्थितीही याहून फार वेगळी नाही. 'मंत्र्यांनी त्यांच्या भाषणात सांगितले', 'खेळाडूने त्याच्या आईला श्रेय दिले' अशी वाक्ये रोज छापून येतात. हे 'त्यांच्या' आणि 'त्याच्या' कोणाच्या? कर्त्याच्या स्वतःच्या मालकीसाठी मराठीत 'आपल्या' हा सुरेख शब्द आहे. 'रमेशने सुरेशला आपल्या घरी नेले' म्हटले की घर रमेशचे. 'त्याच्या घरी नेले' म्हटले की सुरेशचे. इंग्रजीला हा भेद एका सर्वनामाने करता येत नाही. म्हणून तिचे भाषांतर करता करता आपण आपल्याजवळची स्पष्टताही घालवत आहोत. धनवानाने निर्धनाची नक्कल करावी आणि तिला प्रगती म्हणावे, असा हा प्रकार आहे.

याहून मोलाचा भेद आहे तो 'आमचा' आणि 'आपला' यांतला. 'आमच्या घरी या' म्हणताना ऐकणारा पाहुणा असतो. 'आपल्या घरी चला' म्हणताना तो घरचा होतो. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द. मराठी माणूस आपल्या देशबांधवांसमोर बोलताना 'आपला देश' म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात तो समोरच्या प्रत्येकाला सामावून घेतो. हल्ली व्यासपीठांवरून आणि जाहिरातींतून जिथे तिथे 'आमचा' ऐकू येते, तेव्हा बोलणाऱ्याच्याही नकळत ऐकणारा बाहेर ढकलला जातो. षष्ठी विभक्ती ही मालकीची तशीच आपलेपणाचीही विभक्ती आहे. ती बोथट झाली, तर कोण आपले आणि कोण केवळ समोरचे, हे सांगण्याची भाषेची शक्तीच बोथट होते.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, तेव्हा त्यांचीही टवाळी झाली. आज 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्द वापरताना ते कधी नवे होते, याची आठवणही कोणाला होत नाही. त्या चळवळीने मराठी माणसाला शब्दांचे भान दिले. आता गरज आहे ती प्रत्ययांचे भान येण्याची. यासाठी इंग्रजीचा द्वेष करण्याचे कारण नाही. इंग्रजी शिकावी, उत्तम शिकावी आणि तिच्या घरी तिच्याच नियमांनी बोलावी. मराठीच्या घरी मात्र मराठीचे नियम चालावेत.

हे काम कायद्याचे नाही. पाटीवर कोणती लिपी असावी, हे न्यायालय सांगू शकते. मामाच्या पुढे कोणता प्रत्यय लावावा, हे सांगायला कोणताही निरीक्षक येणार नाही. ते दुकानाचे नाव ठरवणाऱ्या कुटुंबाने, बातमीवर अखेरचा हात फिरवणाऱ्या उपसंपादकाने, वर्गात वाक्य दुरुस्त करणाऱ्या शिक्षकाने आणि 'माझ्याकडे बहीण आहे' म्हणणाऱ्या लेकराला जवळ घेऊन 'मला बहीण आहे' असे म्हणायला शिकवणाऱ्या आईने करायचे आहे. त्याला पैसा लागत नाही, आंदोलन लागत नाही. भाषा आपली आहे, एवढे मनोमन वाटले म्हणजे पुरे.