कोल्हापूरला लोखंड पाठवा!

परवा रात्री गावाकडच्या शाळासोबत्याचा फोन आला. "अरे, ती दुर्बीण बंदच हाय बघ. दांड्यावरचं वजन हरवलंय. हिकडं कुठं मिळंना झालंय. तिकडनं एक पाठवून दे की."

मंडळी, शाळा कोल्हापूर जिल्ह्यातली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या तिथून मोटरसायकलवर अर्ध्या तासावर. तिथलं ओतकाम परदेशात जातं. आणि या शाळेला चार-पाच किलो लोखंड हवंय ते अमेरिकेहून, विमानानं!

आम्ही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेली ती दुर्बीण दोन वर्षं कपाटात आहे. २०२५ साली शनीची कडी आपल्याला कडेवरून, जवळजवळ रेघेसारखी दिसली. त्याआधी तसा योग २००९ साली आला होता. कपाटाला कुलूप असल्यामुळे दहावीच्या पोरांचा तो योग हुकला तो हुकलाच.

आता हे वजन म्हणजे काय अगम्य चीज आहे ते सांगतो. फ्राउनहोफरनं १८२४ साली डोर्पाटच्या वेधशाळेसाठी मोठी दुर्बीण केली, तेव्हापासून या जातीच्या बैठकीत एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला दांड्यावर वजन असतं. बाजारातल्या तराजूचाच हिशोब. माझी नळी कॅमेऱ्यासकट ९ किलो, अक्षापासून २० सेंटीमीटरवर. ९ गुणिले २० म्हणजे १८०. दुसरीकडेही १८० झाले की काम झालं. ५ किलोचं वजन ३६ सेंटीमीटरवर लावा नाहीतर ९ किलोचं २० वर. मात्र दुसरा उपाय बरा. जडत्व अंतराच्या वर्गानं वाढतं, त्यामुळे लांबवर टांगलेलं हलकं वजन मोटरला जवळजवळ दुप्पट जड जातं आणि वाऱ्यानं डुलतं ते वेगळंच.

कंपनीचं वजन इथे चाळीस-पन्नास डॉलरला, वर टपालखर्च. मी शेजारच्या गल्लीतल्या गॅरेज सेलमधून व्यायामाच्या दहा-दहा पौंडांच्या दोन चकत्या पाच डॉलरला आणल्या. दोन्ही मिळून झाले ९ किलो. चकतीचं भोक २७-२८ मिलिमीटर, दांडा २० चा. मधल्या फटीत पाण्याचा पाऊण इंची पीव्हीसी पाइप जवळजवळ मापाचा बसतो! दोन्हीकडून स्क्रूवाली कॉलर आवळली आणि दांड्याच्या टोकाला बोल्ट मारला. हा बोल्ट विसरू नका. अंधारात ९ किलो लोखंड अंगठ्यावर पडलं तर तारे दिवसासुद्धा दिसतात.

"तुमच्याकडे काय, सगळं तयार मिळतं," असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच. तयार मिळतं, पण इथला हौशी माणूस आधी गॅरेजमध्ये हात काळे करून बघतो. व्हर्मॉंटमधल्या स्प्रिंगफील्ड गावात रसेल पोर्टरनं १९२० साली कारखान्यातल्या कामगारांना आरसे घासायला शिकवलं. १९२६ पासून तिथे स्टेलाफेनचा मेळावा भरतो आणि लोक घरी केलेल्या दुर्बिणी घेऊन येतात. तिथे शिसं भरलेले डबे, सिमेंटचे गोळे, काय काय वजनं म्हणून लटकवलेली दिसतात. (शिसं मात्र घरी वितळवू नका, धूर विषारी असतो.) आणि जॉन डॉब्सन तर सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण संप्रदायाच्या मठात राहिलेला माणूस! त्यानं टाकाऊ काच आणि लाकडातून दुर्बिणी केल्या आणि फुटपाथवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवला. त्याच्या बैठकीला तर असा दांडाही लागत नाही.

सगळंच घरी करा असं मी म्हणत नाही. वर्म गिअर घरी करायच्या फंदात पडू नका. आणि सूर्याकडे बघायला एक्स-रेची फिल्म अजिबात नको, तिथे चांगला सोलर फिल्टरच विकत घ्या. डोळे दोनच आहेत. पण वजन? वजनाला ना वॉरंटी लागते ना ब्रँड. शनीला काय कळतंय पलीकडे काय टांगलंय ते!

खरी अडचण पैशाची नाहीच. आपल्याकडे इंजिनिअर झालेला मुलगा लेथवाल्याकडे जायला लाजतो, आणि शाळेतल्या वस्तूला कुणी हात लावला तर "मोडलं तर जबाबदारी कुणाची?" हा पहिला प्रश्न असतो. मीही त्यातलाच. कॉलेजच्या वर्कशॉपमधला फायलिंगचा जॉब मी हेल्परला वीस रुपये देऊन करून घेतला होता. कानस नीट धरायला शिकलो ते इथे येऊन, चाळिशीत, एका निवृत्त पोस्टमनकडून.

मित्राला वजन पाठवणार नाही असं सांगितलं. तो जरा रागावलाच. म्हटलं, दांड्याचा व्यास मोजून कळव, मी कागदावर चित्र काढून पाठवतो, गोकुळ शिरगावातला कुठलाही टर्नर तासाभरात चकती करून देईल. व्हर्नियर प्रयोगशाळेच्या कपाटात असेल.

त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारून सांगतो म्हणालाय.