सोडायचे तर सोबतीने



पैनगंगेच्या दक्षिण तीरी, जैनथ आणि बेला या बाजूस, गावोगाव मराठी कानी पडते. तेथे दोन शेतकरी बांधावर भेटले की रामराम होतो आणि लगोलग विडीचे बंडल खिशातून बाहेर येते. एकाने विडी द्यावी, दुसऱ्याने काडी ओढावी, हा जणू स्नेहाचाच विधी. आदिलाबादच्या रानातील तेंदूची पाने उन्हाळ्यात तोडून अनेक गरीब कुटुंबांना चार पैसे मिळतात, हेही खरे. म्हणून विडीचा निषेध करणे सोपे, पण तिला घराबाहेर काढणे कठीण.

मनुष्य पहिली विडी क्वचितच एकट्याने ओढतो. मग संगतीने जडलेले व्यसन एकट्याच्या निग्रहाने सुटावे, अशी अपेक्षा का धरावी? सोडण्याचा संकल्प केलेल्या माणसापुढे मित्र प्रेमानेच बंडल धरतो, आणि संकल्प मोडतो. तोच स्नेह आपल्या बाजूस वळवून घ्यावा, असे आम्ही सुचवितो.

यास शास्त्राचा आधार आहे. इंग्लंडमधील ३,७०० हून अधिक जोडप्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पती धूम्रपान करीतच राहिला, तेव्हा शंभरांतील सुमारे ८ स्त्रियांनाच ते सोडता आले. पती मुळात न ओढणारा असला, तर १७ जणींना. पण पतीनेही त्याच सुमारास सोडले, तेव्हा ५० जणींना! पुरुषांचीही गत फारशी वेगळी नव्हती. निर्व्यसनी सोबत्यापेक्षा बरोबरीने झगडणारा सोबती अधिक उपयोगी पडला, हे आमच्यासारख्या उपदेशकांनी विशेष ध्यानी घ्यावे.

तेव्हा पती विडी ओढीत असेल आणि पत्नी तंबाखू मळीत असेल, तर दोघांनी एकच दिवस ठरवावा. आदल्या रात्री घरातील बंडल, डबी, चुना सारे टाकून द्यावे. पहिला आठवडा सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप लागत नाही. ही लक्षणे बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्यावे, चार पावले चालावे, सोबत्याला हाक मारावी. चिडक्या शब्दांचा हिशेब मात्र त्या महिन्यात कोणी ठेवू नये.

येथे एक धोका आहे. एकाचा पाय घसरला की दुसऱ्यालाही निमित्त मिळते. यास्तव संकल्प एकत्र करावा, पण प्रत्येकाने तो स्वतःचा म्हणून पाळावा: ‘तू ओढलीस तरी मी ओढणार नाही.’ घसरलेल्याने ते लपवू नये, आणि दुसऱ्याने त्यास टाकून न बोलता दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बरोबर घ्यावे.

ज्यांना घरात सोबती नाही, त्यांनी शेजारी किंवा मित्र गाठावा. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. वर्षभर निभावले, तर धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. आपल्याबरोबर कोण सोडील, त्याचे नाव वाचकांनी आज रात्रीच्या जेवणापूर्वी मनाशी नक्की करावे आणि उद्या त्याच्या दारी जावे.